शुगर असताना केळं : सोडायचं, की मोजून खायचं?



विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही शुगर आणि बीपी तपासायला बसतो, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो : "सिस्टर, केळं चालतं का?" हल्ली या प्रश्नाला एक नवा शब्द जोडला गेला आहे. "लो-कार्ब चालू केलंय, त्यात केळं बसतं का?" मोबाईलवरचे व्हिडिओ वस्तीत घरोघरी पोचले आहेत. कुणी भाकरी सोडली आहे, कुणी भात सोडला आहे, आणि केळं तर शुगर निघाल्याच्या दिवशीच बंद होतं. हातगाडीवर बारा महिने मिळणारं, गरिबाला परवडणारं हे फळ. ते सोडायचं की ठेवायचं हे ऐकीव गोष्टींवर ठरू नये, म्हणून या वेळचा आरोग्य पाठ केळ्यावर आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो. अगदी कडक लो-कार्ब आहारात केळं बसत नाही. पण तसा कडक आहार आपल्यातल्या बहुतेकांना लागत नाही, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना तो स्वतःच्या मनाने सुरू करणं धोक्याचं आहे. साध्या, मापातल्या पथ्यात लहान केळं बसतं. अट एकच : ते ताटातल्या दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात खायचं, भरल्या पोटावर वरून नाही.

आता हे असं का, ते समजून घेऊ.

कर्बोदकं म्हणजे काय?

भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ आणि फळं या सगळ्यांत कर्बोदकं असतात. इंग्रजीत त्यालाच कार्ब म्हणतात. पिष्ट आणि साखर ही त्याची दोन रूपं. पोटात गेल्यावर दोन्हींचं शेवटी ग्लुकोज होतं आणि ते रक्तात येतं. रक्तातलं ग्लुकोज पेशींत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं किंवा त्याचा जोर चालत नाही. मग ग्लुकोज रक्तातच साचून राहतं आणि डोळे, किडनी, पायांच्या नसा हळूहळू खराब करतं.

म्हणून जिभेला गोड लागलं म्हणजे शुगर वाढली, आणि गोड लागलं नाही म्हणजे वाढली नाही, हा समज चुकीचा आहे. भात गोड लागत नाही, पण त्याचंही ग्लुकोजच होतं. आपण चवीवर जातो आणि माप विसरतो. केळ्याच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

हिशेब मांडून पाहू

खालचे आकडे कर्बोदकांचे आहेत, ग्रॅममध्ये. घरच्या मापात थोडाफार फरक पडेल, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

- लहान वेलची केळं, सोलून ५० ग्रॅम : ११
- बाजारातलं लांब केळं, सोलून १०० ते १२० ग्रॅम : २३ ते २७
- मध्यम चपाती, ३० ग्रॅम पिठाची : सुमारे २०
- ज्वारीची भाकरी, ६० ग्रॅम पिठाची : सुमारे ४०
- मोठी वाटी शिजलेला भात, १५० ग्रॅम : सुमारे ४०
- दोन चमचे साखरेचा एक कप चहा : फक्त साखरेचे १०
- चार ग्लुकोज बिस्किटं : सुमारे १५
- थंड पेयाची २५० मिलीची बाटली : २५ च्या पुढे

आता सकाळपासूनचं खाणं आठवा. पहाटे चहा आणि चार बिस्किटं, कामावर दहा वाजता पुन्हा चहा, दुपारी दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात, संध्याकाळी चहा, रात्री पुन्हा भात. बेरीज दोनशेच्या वर जाते. त्यात केळं कुठेच नाही. तरीही शुगर अडीचशे आली की माणूस म्हणतो, "मी तर केळंसुद्धा खात नाही." केळं सोडल्याचं समाधान मिळतं, पण दिवसाच्या तीन चहांतली सहा चमचे साखर तशीच राहते. ती सहा चमचे साखर म्हणजे ३० ग्रॅम, एका लांब केळ्याहून जास्त. आणि केळ्यात साखरेबरोबर तंतू आणि पोटॅशियम तरी असतं. चहातल्या साखरेत गोडीशिवाय काही नसतं.

लो-कार्ब कशाला म्हणतात?

दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवली तर त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. ज्याला कीटो म्हणतात तो फार कडक प्रकार. त्यात दिवसभरात २० ते ५० ग्रॅमच चालतात. म्हणजे कीटो करणाऱ्याने एक लांब केळं खाल्लं की निम्मा किंवा सगळाच कोटा संपला. म्हणून व्हिडिओत "केळं विष आहे" असं ओरडून सांगतात. त्यांच्या हिशेबाने ते बसत नाही एवढंच खरं, बाकी विष वगैरे काही नाही.

कर्बोदकं कमी केली की शुगर उतरते, वजनही उतरतं, ही गोष्ट खरी आहे आणि आम्ही ती नाकारत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही लोकांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण कीटोमध्ये भाकरी-भाताच्या जागी पनीर, बदाम, लोणी, मटण भरावं लागतं. महिन्याचा पगार पंधरा दिवसांत संपतो त्या घराने हे कुठून आणायचं? मग आपल्या वस्तीत कीटो म्हणजे नुसतं न खाणं होतं. भाकरी जाते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. याला पथ्य म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात.

आपल्याला जमणारा मार्ग मधला आहे. भाकरी-भात बंद करायचा नाही, कमी करायचा. मोकळ्या झालेल्या जागी डाळ, मटकी, हरभरा, शेंगदाणे, अंडं, सुकट, बोंबील, वजडी आणि पालेभाजी आणायची. या मधल्या मार्गात केळ्याला जागा आहे.

केळं खायचं तर कसं?

१. लहान निवडा. वेलची केळं एक, किंवा लांब केळं असेल तर अर्धं. दिवसातून एकदाच.

२. बदल्यात खा. अर्धं केळं खाल्लं तर त्या जेवणात अर्धी चपाती कमी. डझन घेतलं म्हणून संपवायचं नाही, घरातल्या सगळ्यांत वाटायचं.

३. फार पिकलेलं टाळा. कच्च्या केळ्यात पिष्ट जास्त असतं आणि त्यातलं बरंचसं सहज पचत नाही, त्यामुळे शुगर हळू चढते. केळं पिकत जातं तसं त्या पिष्टाची साखर होत जाते. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं जास्त गोड लागतं आणि शुगरही लवकर चढवतं. साल पिवळी आणि देठाकडे किंचित हिरवी असेल ते केळं घ्या.

४. एकटं खाऊ नका. मूठभर शेंगदाणे, फुटाणे किंवा उकडलेलं अंडं सोबत असलं की पोट भरतं आणि शुगर एकदम उसळत नाही.

५. शिकरण, केळ्याचा मिल्कशेक, केळ्याचे वेफर्स आणि सुकेळी यांना केळं समजू नका. शिकरणात वरून साखर पडते. मिल्कशेकमध्ये दोन-तीन केळी एका दमात पोटात जातात. वेफर्स तेलात तळलेले. वसईकडची सुकेळी चवीला छान, पण पाणी उडाल्यामुळे साखर दाट झालेली असते.

६. कच्च्या केळ्याची भाजी केली तर तिला भाजी म्हणून नाही, बटाट्यासारखी मोजा. त्या दिवशी भात कमी. केळफुलाची भाजी मात्र पोटभर खायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे घरी शुगर मोजायचं यंत्र आहे त्यांनी स्वतःच परीक्षा घ्यावी. एक दिवस नेहमीचं जेवण घ्या आणि दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण अर्धी चपाती कमी करून अर्ध्या केळ्यासह घ्या आणि दोन तासांनी मोजा. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांची जेवणानंतर दोन तासांची शुगर १८० च्या आत असावी. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

इतर फळांचंही असंच. १०० ग्रॅम कलिंगडात साधारण ८ ग्रॅम कर्बोदकं, पपईत ११, पेरूत १४, चिकूत २०, सीताफळात २३ ते २५. पेरूत तंतू भरपूर, म्हणून शुगर असलेल्यांनी पेरूला पहिली पसंती द्यावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी माणसाच्या रोजच्या ताटात १०० ग्रॅम फळ सांगितलं आहे. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी लो-कार्बच्या वाटेला जाऊच नये. घरात एकाला शुगर निघाली म्हणून लेकरांचं केळं बंद करू नका.

गोळी चालू आणि भाकरी बंद : खरा धोका इथे आहे

आमच्या माहितीतल्या एक ताई पहाटे झाडूकामाला जातात. व्हिडिओ पाहून त्यांनी भाकरी, भात, केळं सगळं सोडलं. सकाळी उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन त्या कामावर जात राहिल्या. एके दिवशी रस्त्यातच दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले, जीभ जड झाली. सोबतच्या बाईने टपरीवरून गोड चहा आणून पाजला म्हणून निभावलं. नंतर त्या आम्हाला म्हणाल्या, "महिनाभर केळं तोंडाला लावलं नाही, तरी असं कसं झालं?" त्यांची शुगर वाढली नव्हती, पार खाली गेली होती. गोळी आपलं काम करत होती, पण पोटात काही नव्हतं.

ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी शुगर धोक्याइतकी उतरू शकते. जेवण कमी केलं तर डोसही कमी करावा लागतो, आणि तो डॉक्टरच ठरवतात. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं, ती चालू असताना कीटो आहार केला तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं. आपल्या गोळीचं पाकीट घरात कुणाकडून तरी वाचून घ्या.

शुगर उतरल्याची लक्षणं : घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चक्कर, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. शुद्धीवर आणि सावध झाल्यावर केळं, बिस्किट किंवा भाकरी द्या. पहिल्यांदाच केळं देऊ नका, ते चावून, पचून रक्तात यायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

पौर्णिमेला अष्टशील घेऊन उपोसथ पाळणाऱ्या आजी-आजोबांनाही हेच लागू आहे. दुपारनंतर जेवायचं नाही आणि रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घ्यायचं, असं करू नका. त्या दिवसाचा डोस डॉक्टरांना आधी विचारा. नाहीतर त्या दिवशी जेवून घ्या आणि बाकीची शीलं पाळा. तथागतांनी आजारी भिक्खूंसाठी विनयात सवलती दिल्या आहेत, मग आपण उपासकांनी स्वतःला का छळावं? दुपारनंतर रस-सरबत घेण्याची रीत आहे, पण शुगर असलेल्यांनी गोड सरबत पेल्यावर पेला पिऊ नये.

केळं कुणी टाळावं?

किडनी बिघडलेली असेल, डायलिसिस चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळं खाऊ नये. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. चांगली किडनी जादा पोटॅशियम बाहेर टाकते. बिघडलेल्या किडनीला ते जमत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ज्यांची उपाशीपोटीची शुगरच दोनशेच्या वर आहे, त्यांनी आधी औषधाने ती आटोक्यात आणावी, मग फळांचा विचार करावा.

प्रसेनजित राजाने काय केलं?

संयुत्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भात खायचा. एकदा तसाच भरपेट जेवून धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मापाने जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचं जेवण द्रोणावरून नाळीवर, म्हणजे लहान मापावर आलं. शरीर हलकं झालं.

या गोष्टीत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. भगवंतांनी राजाचा भात बंद केला नाही, माप सांगितलं. बदल एका दिवसात झाला नाही. आणि राजाला ताटाजवळ आठवण करून देणारं माणूस होतं. आपल्या घरातही असा एक सुदस्सन हवा. शाळेत जाणारी नात आजोबांना म्हणू शकते, "आबा, केळं खाल्लंत ना, मग आज भात अर्धी वाटी."

आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेह होता. डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या औषधांची आणि पथ्याची काळजी घेत. तेव्हा शुगर निघाली म्हणून लाजायचं, लपवायचं कारण नाही. लपवलेल्या शुगरने पाय जातात.

ताटात भातच का जास्त?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही. आपण कर्बोदकं जास्त खातो ती हौसेने नाही. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर ३५ किलो. त्या कायद्याच्या हक्कात डाळ, तेल, अंडी नाहीत. स्वस्त ते पोटात जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. हा आता बंगल्यांतला आजार राहिलेला नाही.

मुलांच्या ताटाचंही पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी बंद केला. केळं चांगलं आहे, पण अंड्याची जागा ते घेऊ शकत नाही. अंड्यात प्रथिनं असतात, केळ्यात ती जेमतेम एक ग्रॅम. रेशनवर डाळ आणि शाळेत अंडं ही मागणी म्हणजे आरोग्याचीच मागणी आहे. महिला मंडळांनी ती ग्रामसभेत, वॉर्डात, शाळा व्यवस्थापन समितीत लावून धरावी.

या महिन्यात काय करायचं?

- तीस वर्षांवरील प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात शुगर आणि बीपीची मोफत तपासणी करून घ्यावी. आशाताईंना विचारा.
- चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा या हिशेबाने कमी करत न्यावी.
- घरातली भाताची वाटी एकदा मापून पाहावी.
- केळं खायचं तर लहान, बदल्यात आणि शेंगदाण्यांसोबत.
- आहार बदलण्याआधी गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं.
- हा पाठ विहारात मोठ्याने वाचावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना हिशेब समजावून सांगावा.

पुढच्या पौर्णिमेला फलदान करताना केळ्यांच्या फण्यांबरोबर थोडे पेरूही ठेवा. आणि शेजारच्या शुगरवाल्या काकूंना प्रसादाचं केळं देताना सांगा, "काकू, अर्धं तुम्ही खा, अर्धं नातवाला द्या."

सर्वांचं मंगल होवो. जयभीम.